बामाबायची रेती

भाड्यानं खोली देताना मालक लोक काय विचारतात, ते आम्हाला तोवर पाठ झालं होतं. नोकरी कुठे, जात कोणती, मासमच्छी खाता का, गावाकडची माणसं येऊन राहतात का. लग्नाला वर्ष होत आलं तरी आम्ही डोंबिवलीत अनंतच्या चुलत्यांकडे, मधल्या खोलीत साडीचा पडदा लावून राहत होतो. डोंबिवलीतली पागडी आमच्या आवाक्यातली नव्हती. अनंत, म्हणजे माझा नवरा, अंबरनाथला एका कंपनीत फिटर होता आणि मला कल्याणच्या एका शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं, खाडीकडे जा, बंदरावर एक कोळीण खोल्या देते.

आम्ही गेलो तेव्हा ती रेतीच्या ढिगावर बसून भाकरी खात होती. पन्नाशीची, काळीसावळी बाई. गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, मशेरीनं काळे झालेले दात. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहून झाल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"पवाला येतं काय गो तुना?"

मला कळेना. अनंत चिपळूणचा, त्याला कळलं. "पोहता येतं का, असं विचारतायत," तो म्हणाला.

मी घाटावरची. आमच्या गावच्या नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी नसायचं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग पुढची खोली घे. मागल्या खोल्यांना उधानाचा पानी येतं."

एवढ्यावर आमचं ठरलं. त्या दिवशी तिनं आमची जात विचारली नाही आणि नंतरच्या सात-आठ वर्षांतही कधी विचारली नाही. तिचं नाव बामाबाय. भाडेकरू तिला मावशी म्हणायचे, बंदरावर ती नुसती बामाय होती. तिच्या बोलीत 'ळ'चा 'ल' व्हायचा, 'मला'चं 'मना', 'घरात'चं 'घरान'. पहिले काही महिने मी तिचं बोलणं अर्धं अंदाजानंच समजून घेत होते.

चाळ तिनं आणि तिच्या दोन मुलांनी मिळून बांधली होती. नवरा हयात असताना घरची मच्छीमारीची होडी होती. पुढे कारखाने आले, त्यांचं पाणी खाडीत यायला लागलं आणि जाळ्यात मेलेले मासे मिळायला लागले. नवरा काविळीनं गेला. मुलांनी तीच होडी रेतीला लावली. खाडीच्या तळाशी बांबू रोवायचा, बांबूला धरून माणसानं खाली बुडी मारायची, लोखंडी बादली रेतीनं भरायची, वरच्यांनी ती दोरीनं ओढून घ्यायची. होडी भरली की साहेबाच्या वेळच्या जुन्या दगडी धक्क्यावर रिकामी करायची. तिथून ट्रक. डोंबिवली, ठाणे, माजिवडा, जिथे म्हणून इमारती उठत होत्या तिथे ती रेती जायची. थोडी तिनं स्वतःसाठी ठेवली आणि धक्क्यामागच्या आपल्या जमिनीवर दहा खोल्या उठवल्या.

खाडीची रेती खारी. त्यामुळे आमच्या भिंतींना कायम लोणा लागलेला असायचा. पांढरी बुरशीसारखी पूड फुटायची आणि गिलाव्याचे पोपडे पडायचे, कधी अंथरुणावर, कधी आमटीत. दरवर्षी गणपती झाले की बामाबाय घमेलं आणि थापी घेऊन स्वतः भिंती लिंपायला निघायची. कुणाची परवानगी वगैरे नाही. दारात उभी राहून म्हणायची, "भांडी हलव गो," आणि आत यायची. लिंपताना एकटीच भिंतीशी बोलायची. शेजारच्या खोलीत पोस्टात काम करणारे साठे राहायचे. ते एकदा वैतागून म्हणाले, "मावशी, दरवर्षी तीच खारी रेती लावता आणि दरवर्षी ती पडते. जेवणात माती येते आमच्या."

बामाबाय थापी न थांबवता म्हणाली, "मंग आमचा मीठ खाल्लाव तुमी. आता सोडून जावाचा नाव काढू नका."

साठेसुद्धा हसले. आणि खरंच, चाळ सोडून सहसा कुणी जात नसे.

तिचा एक हट्ट होता. खाडीत मासा उरला नाही, हे तिनं तोंडानं कधी मान्य केलं नाही. संध्याकाळी मी शाळेतून परतताना ती मला कधीकधी स्टेशनजवळच्या मच्छी बाजारात दिसायची. डोक्यावरून पदर पुढे ओढून, ओळखीच्या कोळणी टाळून, मुंबईहून आलेली मांदेली विकत घ्यायची आणि पिशवी पदराखाली धरून मागच्या गल्लीनं घरी जायची. चाळीत आल्यावर मोठ्यानं सांगायची, "आज बारकी मासली गावली खाडीन." एकदा आम्ही बाजारात अगदी समोरासमोर आलो. तिनं पिशवी माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, "तूच ने. कोळनीनं मासली इकत घेतली त लोक काय बोलतील." मी ती पिशवी चाळीपर्यंत आणली आणि तिच्या चुलीपाशी ठेवली.

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई गावी आजारी होत्या. पहिले दीड-दोन महिने बामाबायनं तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. सिमेंटनं भेगाळलेले तिचे तळवे बाळाला टोचतील म्हणून हाताला खोबरेल चोळून, ऊन पाण्यात बुडवून मग बाळाला हात लावायची. तिला मुलगी नव्हती. मोठा बाळाराम, धाकटा काशिनाथ. बाळाराम लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, कमी बोलणारा. होडी, माणसं, ट्रकवाले हे सगळं तो बघायचा. काशिनाथ बुडी मारायचा.

काशिनाथ मोठ्यानं बोलायचा, कारण पाण्याच्या दाबानं त्याचा एक कान गेला होता. डोळे कायम लाल. संध्याकाळी आंघोळ करून अंगणात बसला तरी त्याच्या दंडावर मिठाचा पांढरा थर दिसायचा. मला हाक मारायचा, "वैनी, आज काय शिकवला पोरांना?" मी काही सांगितलं की अर्धं त्याला ऐकू जायचं नाही आणि तो सगळ्याला हसायचा. त्याचं लग्न ठरलं होतं. बामाबायनं चाळीच्या टोकाला, खाडीच्या बाजूला त्याच्यासाठी अकरावी खोली बांधायला काढली. भिंती छातीइतक्या उंच आल्या होत्या. खिडकी तिनं मुद्दाम खाडीकडे ठेवली होती. नवी सून आली की तिला होडी परतताना दिसावी, असं म्हणायची.

ती खोली तेवढीच राहिली.

दुपारची ओहोटी होती. मी शाळेत होते. चाळीतल्या एका मुलाला न्यायला त्याचा काका आला आणि त्यानं दारातूनच मला सांगितलं. काशिनाथ खाली गेला होता. रेती काढून काढून तळाशी मोठा खड्डा झाला होता, त्याची कड ढासळली. वरच्यांना फक्त बांबू हलताना दिसला. त्यांनी बादली ओढली, ती रिकामी आली.

मी बंदरावर पोचले तेव्हा बाळाराम पाण्यात होता. तो पुन्हा पुन्हा खाली जात होता आणि रिकाम्या हातांनी वर येत होता. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. लोकांनी त्याला धरून होडीत घेतलं की तो हिसडा देऊन पुन्हा उडी मारायचा. बामाबाय धक्क्याच्या दगडावर बसली होती. ती रडत नव्हती. भरती चढायला लागली तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाला, तू वर ये. तुजी पोरं हायत."

पुढचे कितीतरी दिवस शोध चालला. आसपासच्या गावांतून होड्या आल्या. पोलीस आले, पंचनामा झाला. काशिनाथ सापडला नाही. बाराव्याचं कसं करायचं, हे विचारायला भावकीतली माणसं आली. भटजींनी सांगितलं, देह नसेल तर पिठाचा पुतळा करून विधी करता येतो. बामाबाय खांबाला टेकून सगळं ऐकत होती.

"कोनाचा बारावा?" ती म्हणाली. "माझा पोऱ्या गेला कुठं? खाली हाय तो. मना ठावं हाय कुठं हाय. पिठाचा पोऱ्या मना नको."

बाळारामनं आईच्या मागे गपचूप टिटवाळ्याला जाऊन विधी केला, असं मला नंतर कळलं. तिलाही कळलं असावं. ती त्याला काही बोलली नाही. पण छातीइतक्या भिंतींवर छप्पर घालून ती खोली भाड्यानं द्यावी, असं त्यानं सुचवलं तेव्हा तिनं साफ नाही म्हटलं. रोज सकाळी त्या बिनछपराच्या खोलीत झाडू मारायची, सडा घालायची आणि खिडकीच्या भोकाशी उभी राहायची. समोर पाण्यात जिथे तो गेला होता, तिथे बाळारामनं एक बांबू रोवून ठेवला होता. तिथे बाळारामची होडी जात नसे.

पण दोनेक वर्षांत खाडीत पंप आले. होडीवर इंजिन, इंजिनाला जाड पाइप. तळातली रेती चिखलासकट ओढून वर आणणारे. एका दिवसात ते जेवढं काढायचे, तेवढं दहा माणसं बुड्या मारून महिन्यात काढत नव्हती. बाळारामनंही जुनी होडी मोडली आणि कर्ज काढून पंप घेतला. त्या संध्याकाळी तो आईसमोर येऊन बसला. मी तिथेच तांदूळ निवडत होते.

"आये, आता कोनाला पान्यान उतराला नको," तो म्हणाला. "कोनाचा पोऱ्या जायाचा नाय."

ती म्हणाली, "बांबूजवल नको लावू."

"नाय लावनार."

"दुसऱ्यांना सांग."

"सांगीन."

त्यानं सांगितलंही असेल. पण पंप एकट्या त्याचे नव्हते. रेतीला मागणी एवढी होती की ट्रक सकाळपासून रांगेत उभे असायचे. एका पावसाळ्यानंतर तो बांबू दिसेनासा झाला. कुणी काढला, की वाहून गेला, कुणी सांगेना. त्या जागेवर पंप चालताना बामाबायनं आपल्या डोळ्यांनी पाहिले. ती धक्क्यावर धावत गेली, हातवारे केले, ओरडली. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. एका माणसानं उलट तिलाच हात हलवून दाखवला, म्हातारी काहीतरी रामराम करतेय असं समजून.

दुसऱ्या दिवसापासून ती रेती चाळायला लागली.

धक्क्यावर पंपांनी ओतलेले ढीग पडलेले असायचे. ती रेती चाळायची जाळी घेऊन तिथे बसायची, ओंजळीनं रेती टाकायची, वर उरलेले शंख, काचा, खडे बोटांनी उलटेपालटे करून बघायची. मी शाळेत जाताना ती बसलेली असायची, येताना बसलेली असायची. ट्रकवाले सुरुवातीला थांबायचे, मग चिडायचे. मजूर तिला वेडी म्हणायला लागले. मी एकदा तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मावशी, काय शोधता?"

"त्याच्या गल्यान ताईत व्हता. चांदीचा."

"एवढ्याशा ताईतासाठी उन्हात बसता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताईत गावला त तो बी हाय ना गो रेतीन. मंग तो टरकान जाईल. कोनाच्या घराला लागंल. त्याच्यावर लोक सिमेट टाकतील, रंग काढतील." थोडा वेळ तिनं जाळी हलवली. "मी काय करू? किती टरक जातात. मी एकली किती रेती चालनार?"

चाळीच्या भिंतींसाठी रेती देणारी, तिच्यावरच पोरं वाढवलेली ही बाई. आता प्रत्येक ट्रक निघाला की तिचा जीव त्याच्यामागे जायचा.

एका सकाळी ती आमच्या दारात आली. पदराखालून तिनं एक हाड काढलं. बोटभर लांब, पिवळट. "तू शिकलेली हायस. हा मानसाचा काय, सांग."

मला सांगता येईना. अनंतनं ते कागदात गुंडाळून कंपनीच्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. संध्याकाळी ती आमच्या उंबऱ्यावर वाट बघत बसली होती. अनंत म्हणाला, "मावशी, बकरीचं आहे."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा पडला. तिला ते काशिनाथचं हवं होतं की नको होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हाड घेऊन ती उठली. "आनलाय त ठेवते परत," म्हणाली आणि धक्क्यावर जाऊन तिनं ते हळूच पाण्यात सोडलं.

पंपांनी तळ खोल गेला आणि काठ सुटायला लागला. आधी धक्क्याचे दगड हलले. मग चाळीमागची जमीन वीतभर, हातभर करत खाडीत जायला लागली. पहिली गेली ती काशिनाथची खोली. एका उधाणात तिची खिडकीची भिंत बाहेरच्या बाहेर कोसळली आणि ओहोटी लागली तेव्हा तिथे नुसता चिखल होता. बामाबाय तिथे उभी होती. बाळाराम तिच्या मागे उभा होता. ती वळून त्याला एवढंच म्हणाली, "आपलीच रेती, आपलाच पंप, आपलीच खोली." तो तिथेच मटकन बसला आणि तोंड झाकून रडला. भाऊ गेला त्या दिवशी तो रडला नव्हता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिची नजर पाण्यावर होती.

मागच्या खोल्यांना तडे गेले. भाडेकरू एकेक करून निघाले. साठे ठाण्याला मुलाकडे गेले. आम्ही शहाडजवळ दुसरीकडे भाड्यानं खोली घेतली. बाळारामनं स्वतः टेम्पो आणून दिला आणि सामान चढवायला मदत केली. बामाबाय माझ्या मुलीच्या हातात सुकटीची पुडी देऊन बाजूला झाली.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. आम्हाला अखेर टिटवाळ्याला स्वतःचं घर मिळालं, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला मी बंदरावर गेले. चाळ नव्हती. रस्त्याकडच्या उरलेल्या जागेवर बाळारामनं चार मजली इमारत उठवली होती. खाडीकडे दगडांचा बांध घातला होता. बाळाराम खाली खुर्चीवर बसला होता. केस पांढरे, डोळे सुजलेले, तोंडाला दारूचा वास. मला ओळखून उठून उभा राहिला.

"आये वर हाय टीचर. कुठं जात नाय आता." मी जिन्याकडे वळले तेव्हा त्यानं मला थांबवलं. "मी त्यांना सांगितलेला, तिथं पंप लावू नका म्हनून. तुमाला ठावं हाय ना?"

"हो," मी म्हटलं. "माझ्यासमोर बोलला होतात."

त्यानं मान हलवली आणि परत खुर्चीवर बसला.

बामाबाय पहिल्या मजल्यावर, सोफा असताना जमिनीवर चटईवर बसली होती. खूप वाळली होती. तिनं मला ओळखलं. मुलगी किती मोठी झाली विचारलं, अनंतची तब्येत विचारली. सून चहा घेऊन आली. मी पेढे दिले आणि घराचं सांगितलं. तिनं पेढा कपाळाला लावला.

"भाड्याचा नाय ना?"

"नाही मावशी. स्वतःचं."

"बरा झाला." मग तिनं विचारलं, "रेती कनची हाय?"

मला माहीत नव्हतं. बिल्डरनं कुठून आणली ते मी कधी विचारलं नव्हतं. पण त्या काळात टिटवाळ्याला रेती कुठून जायची हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, "नदीची असेल, मावशी. भातसाकडची."

"आसंल," ती म्हणाली. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. तळवे अजून तसेच भेगाळलेले होते. "नवा घर हाय. फोटो लावशील, कालनिर्नय लावशील. भिंतीला खिला मारशील त हलू मार गो."

मी हो म्हटलं. सुनेला वेळ, पत्ता सांगून मी उठले. ती वास्तुशांतीला येणार नाही हे मला कळलं होतं.

रस्त्यावर येऊन मी रिक्षासाठी उभी राहिले आणि वर पाहिलं. ती गॅलरीत येऊन उभी होती. मला निरोप द्यायला आली असं वाटून मी हात केला, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बंदराकडून रेतीचे ट्रक येत होते, नुकतेच भरलेले, मागच्या फळीतून पाणी गळत. दोन्ही हातांनी गॅलरीची लोखंडी जाळी धरून ती एकेका ट्रककडे बघत होती. तो शहाडच्या रस्त्याला वळून दिसेनासा होईपर्यंत बघायची, आणि मग त्याच्या मागच्याकडे.